पांडुरंगा, आधी गार पाणी

पांडुरंगा, वारी आटोपली की प्रक्षाळपूजेला तुझा शिणवटा काढतात. पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्यानं तुला न्हाऊ घालतात. ते पाणी तुझ्या अंगावर ओतण्याआधी कुणीतरी हात घालून बघत असेलच. तू दगडाचा, तुला काय पोळणार. पण माया अशीच वागते. आज मी त्या हातासाठी मागणं घेऊन आले आहे.

देवा, आता पाणी किती ऊन हवं तेही लोक फोनमधल्या यंत्राला विचारतात. विचारू देत. सासू गावी, आई परदेशात, मांडीवर दहा दिवसांचं बाळ. ती पोर दुसऱ्या कुणाला विचारणार? तिला हसू नकोस. तिला मिळणाऱ्या उत्तराकडे मात्र लक्ष ठेव. यंत्र ‘साठ अंश’ म्हणालं तर तो आकडा त्यानं हवेतून काढलेला नसतो, आणि घात तिथंच आहे. गीझरच्या टाकीत पाणी ६० अंशांवर ठेवा असं सांगतात ते लिजिओनेला नावाच्या जंतूपायी. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांना त्यानं न्यूमोनिया जडवला, तेव्हा त्याचा शोध लागला. कोमट पाण्यात तो वाढतो, ६० अंशांना टिकाव धरत नाही. म्हणून टाकी कढत ठेवायची आणि अंगावर घेण्याआधी पाण्यात विसण घालायचं. यंत्राच्या उत्तरातून हे विसणच गळून जातं. जंतू मारायचं पाणी बाळाच्या बादलीत येतं, आणि सांगण्याचा सूर असा, की जणू त्याची हयात बाळंतिणीच्या खोलीत गेली!

तशीच मापांची भेसळ. अमेरिकेत गीझर १२० अंशांवर ठेवा म्हणतात, ते फॅरेनहाइट. आपल्या मापानं ४९. मापाचं नाव गाळून नुसता आकडा कुणाच्या हाती पडू देऊ नकोस.

विठ्ठला, कातडीचा हिशेब फार कडक आहे. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी डुकरांच्या आणि आपणहून पुढे आलेल्या माणसांच्या कातडीवर तो तपासला. ४९ अंशांच्या पाण्यानं खोल भाजायला काही मिनिटं लागतात. ६० अंशांना जेमतेम पाच सेकंद. तेही मोठ्या माणसाच्या कातडीला. बाळाची कातडी याहून किती पातळ, हे तुला मी काय सांगू? त्याला ३७-३८ अंश पुरे. थर्मामीटर नसेल तर तिला कोपर बुडवून बघायचं सुचव. बादलीत आधी गार पाणी, मग ऊन, हा क्रम तिच्या हातात बसव.

आणि साखरेच्या आजारानं तळपायांची जाणीव गेलेले आजोबा आहेत ना, त्यांच्यावर जरा जास्तच नजर ठेव. मिठाच्या पाण्यात पाय शेकू का, असं ते विचारतील, आणि यंत्र अगदी अदबीनं म्हणेल, सोसवेल इतकं गरम घ्या. ज्याला चटकाच कळत नाही, त्याला काय सोसवायचं नाही? आजोबा पाय बुडवून निवांत पेपर वाचत बसतील. घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी हात आधी त्या पाण्यात जाऊ दे.

यंत्र मोडून टाक असं मी मागत नाही. चुका आपल्या आज्याही करत. पण पाण्यात त्यांचीच बोटं आधी जात, म्हणून चूक बोटांवर भागे. याला बोटंच नाहीत. निदान त्याला घडवणाऱ्यांना थोडी धास्ती दे. बाळ, म्हातारा, कढत पाणी एवढे शब्द एका प्रश्नात आले, की त्यानं आकडा फेकण्याआधी थबकावं, अंघोळ कुणाची ते विचारावं, आणि ठाऊक नसेल तर तसं कबूल करावं. एवढी लाज त्यांनी त्याच्यात घालावी.

इतकं करूनही कुणी पोळलंच, तर देवा, त्याच्या माणसांना घाबरू देऊ नकोस. बांगड्या, अंगठ्या सूज यायच्या आत उतरवू देत. पोळलेला भाग २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरू देत, बाकीचं अंग मात्र गारठू न देता. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळदही नको. मग स्वच्छ कापडानं अलगद झाकून थेट दवाखाना, आणि तिथं जाताना रिक्षा लगेच मिळू दे.