सहावा गठ्ठा

दिवाळीला किनवटला गेले की माझा निम्मा दिवस दादाच्या दुकानात जातो. दादा म्हणजे चुलतभाऊ. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक प्रिंटर आणि बाहेर 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' असा फ्लेक्स. मी इंजिनिअर असल्यामुळे तिथे मला चहा मिळतो आणि चहासोबत काम.

या वेळचं काम असं होतं: कागद स्कॅन करून त्यांची पीडीएफ बनवणारा प्रोग्राम मध्येच बंद पडायचा. एरर नाही, मेसेज नाही, खिडकी गायब.

"कधीपासून?"

"जूनपासून. ॲडमिशनचा सीझन सुरू झाला तवापासून."

जूनमध्ये एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या, जात पडताळणीचा फॉर्म भरायला. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरची नक्कल, वडिलांचे दाखले, असे बारा-पंधरा कागद. चार वेळा स्कॅन केले, चारही वेळा प्रोग्राम बंद पडला. मग लाइट गेली. मग गावाकडच्या शेवटच्या एसटीची वेळ झाली. दोघींना दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं. दोन दिवसांची मजुरी बुडाली, तिकिटाचे पैसे वेगळे. दादाने फॉर्मचे पैसे घेतले नाहीत. "पण तेवढ्यानं काय भरून निघतंय का," असं तोच म्हणाला.

मी म्हटलं, थांब, क्रॅश रिपोर्ट बघू.

प्रोग्राम मरतो तेव्हा कॉम्प्युटर त्याचा पंचनामा करून ठेवतो. कुठला प्रोग्राम, कुठली आवृत्ती, किती वाजता, कुठल्या ओळीवर असताना पडला आणि पडताना त्याच्या मेमरीत काय काय होतं, हे सगळं एका फाइलमध्ये जातं. दादाच्या मशीनवर लिनक्स आहे. क्रॅश नावाचा फोल्डर उघडला. आत एकच फाइल होती, चार दिवसांपूर्वीची. जूनची एकही नव्हती. ऑक्टोबरच्या सुरुवातीचीही नव्हती.

कोणी मुद्दाम काढल्या नव्हत्या. उबुंटूमध्ये हे पंचनामे सांभाळायचं काम ॲपोर्ट नावाचा प्रोग्राम करतो. त्याच्यासोबत रोज चालणारी एक छोटी स्क्रिप्ट येते आणि ती सात दिवसांपेक्षा जुने रिपोर्ट पुसून टाकते. बाकीच्यांचे हिशेब वेगळे. सिस्टमडी आधी तीन दिवस ठेवायचं, आता नव्या आवृत्त्यांत दोन आठवडे ठेवतं. विंडोजवर प्रोग्रामचे डंप जपून ठेवायची सोय चालू केली, तर न सांगता दहा ठेवले जातात. अकरावा आला की सगळ्यात जुना जातो. फेडोराकडचा एबीआरटी दिवसांपेक्षा जागा मोजतो. म्हणजे कुठे दिवस, कुठे नग, कुठे मेगाबाइट. तो रिपोर्ट कोणी वाचला का, हे पुसताना कोणी विचारत नाही.

गंमत अशी की ॲपोर्टला ते माहीत असतं. प्रत्येक फाइलवर दोन वेळा लिहिलेल्या असतात: शेवटची कधी लिहिली आणि शेवटची कधी वाचली. वाचल्याची वेळ लिहिल्याच्या नंतरची असेल तर ॲपोर्ट तो रिपोर्ट 'पाहिलेला' धरतो. ही माहिती तो वापरतोही, पण दुसऱ्याच कामासाठी. एखाद्या प्रोग्रामचा आधीचा रिपोर्ट न पाहिलेला पडून असेल आणि तोच प्रोग्राम पुन्हा क्रॅश झाला, तर नवा रिपोर्ट तो घेतच नाही. डिस्क भरू नये म्हणून. लॉगमध्ये तशी ओळ टाकतो आणि गप्प बसतो.

ती ओळ मी दादाला मराठीत सांगितली: आधीची तक्रार कोणी पाहिलेली नाही, म्हणून नवी तक्रार घेता येत नाही. दादा हसला. "हे तर आपल्याकडच्या हाफिसासारखंच झालं."

(मी ती फाइल उघडली त्याच क्षणी ती 'पाहिलेली' झाली. मला त्यातलं काहीही कळलेलं नव्हतं. तेही हाफिसासारखंच.)

रात्री जेवताना हे पप्पांना सांगितलं. ते महसूल खात्यात कारकून होते, रिटायर होऊन चार वर्षं झाली. त्यांना यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. ते म्हणाले, "आमच्याकडं सहा गठ्ठे असायचे." आणि ताटात बोट फिरवून मोजायला लागले. पहिला प्रलंबित प्रकरणांचा. दुसरा प्रतीक्षेतला, म्हणजे कोणाच्या तरी उत्तराची वाट बघणारा. तिसरा नियतकालिक अहवालांचा, चौथा स्थायी आदेशांचा. पाचवा अभिलेख कक्षात पाठवायचा. आणि सहावा 'ड' वर्गाचा, म्हणजे मुदत संपली की नष्ट करायचा.

कागद निकाली निघाला की त्याच्यावर अक्षर पडतं: 'अ' म्हणजे कायम, 'ब' म्हणजे 30 वर्षं, 'ड' म्हणजे वर्षभर. मी विचारलं, "अक्षर कोण टाकतं?"

"ज्याच्या टेबलावर कागद आहे तो."

"आणि वाचायच्या आधीच टाकलं तर?"

पप्पांनी माझ्याकडे जरा रागानेच बघितलं. "असं कसं टाकता येईल? निकाली निघाल्याशिवाय वर्गवारी होतच नाही. प्रलंबित कागद पहिल्या गठ्ठ्यात. तो दहा वर्षं पडला तरी पहिल्याच गठ्ठ्यात."

प्रत्यक्षात सगळीकडे असं होत असेल यावर माझा विश्वास नाही आणि त्यांचाही नसावा. पण पद्धतीत तरी तो मुद्दा आहे. मुदत मोजायला सुरुवात होते ती काम संपल्यावर. तक्रार आल्या दिवसापासून तिचं वय मोजलं, तर कार्यालयाला काहीच न करता टेबल साफ करता येतं. फक्त थांबायचं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मी असं टेबल स्वतः बनवलेलं आहे.

पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी माझ्याकडे एक काम आलं होतं. आमचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर छोटे दुकानदार वापरतात. ते क्रॅश झालं की रिपोर्ट आमच्या सर्व्हरवर पाठवायचा. नेट नसेल तर मशीनवर ठेवून नंतर पाठवायचा. न गेलेला रिपोर्ट किती दिवस ठेवायचा, तिथे एक आकडा लिहायचा होता. मी 7 लिहिला. का? ॲपोर्टमध्ये 7 बघितला होता आणि आठवडा म्हणजे बराच काळ वाटला होता. रिव्ह्यूमध्ये त्या ओळीवर एकही कॉमेंट आली नाही. कोडमध्ये असे आकडे खूप असतात आणि ते ठरवले जात नाहीत, फक्त लिहिले जातात.

आता त्याचा अर्थ बघा. पुण्यातल्या दुकानात सॉफ्टवेअर पडलं की दहा सेकंदांत रिपोर्ट आमच्याकडे येतो. तालुक्याच्या पलीकडच्या गावातला दुकानदार कॉम्प्युटरला नेट देतो ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, गरजेपुरतं, महिन्यातून एकदा-दोनदा. मधल्या काळात सॉफ्टवेअर पाच वेळा पडलं तर पाच रिपोर्ट तयार होतात, वाट बघतात आणि आठव्या दिवशी मी लिहिलेला कोड ते पुसतो. आमच्याकडे काहीच येत नाही. डॅशबोर्डवर नकाशा आहे. क्रॅश जास्त तिथे लाल, कमी तिथे हिरवा. पुणे, ठाणे, नाशिक लालसर. किनवट, माहूर, हिमायतनगर छान हिरवं.

आम्ही त्या नकाशावरून काम ठरवतो. ज्यांची तक्रार पोचते त्यांचे बग आधी सुटतात. म्हणून जिथे नेट चांगलं तिथे सॉफ्टवेअरही चांगलं होत जातं. यात कोणाचाही वाईट हेतू नाही, तेच मला जास्त खुपतं. कोणी किनवटवाल्यांवर राग धरून असतं तर निदान भांडता आलं असतं.

मग सगळंच ठेवायचं का कायमचं? नाही, आणि हे मी जागा वाचवायच्या नादात म्हणत नाही. क्रॅश रिपोर्टमध्ये मेमरीचा तुकडा असतो आणि मेमरीत काहीही असू शकतं: अर्धवट टाइप केलेला पासवर्ड, त्या बाईंच्या मुलीचा आधार नंबर, तिच्या आजोबांची नक्कल. ज्याचं मशीन पडलं त्याने हे कोणाला द्यायचं कबूल केलेलं नसतं. पुसणं ही त्याच्यावरची मेहेरबानी नाही, त्याचा हक्क आहे.

2023 मधलं मायक्रोसॉफ्टचं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. हल्लेखोरांनी एक सही करायची गुप्त किल्ली मिळवली आणि तिच्या जोरावर अमेरिकी सरकारी खात्यांचे ईमेल वाचले. त्या सप्टेंबरात कंपनीने कारण सांगितलं: एप्रिल 2021 मध्ये एक सिस्टम क्रॅश झाली, तिच्या डंपमध्ये नको असताना किल्ली राहिली, तो डंप तपासणीसाठी साध्या नेटवर्कवर आणला गेला आणि तिथून बहुधा चोरीला गेला. बहुधा, कारण चोरीचा नेमका पुरावा देणारे लॉगच त्यांच्याकडे नव्हते. ठेवण्याच्या मुदतीनुसार ते पुसले गेले होते. पुढे मार्च 2024 मध्ये त्यांनी दुरुस्ती केली की ती किल्ली असलेला डंप आम्हाला सापडलेलाच नाही. म्हणजे आधी वाटलं, ठेवायला नको ते ठेवलं म्हणून घात झाला. आणि खरं काय झालं ते शोधायला जे ठेवायला हवं होतं ते उरलेलं नव्हतं.

जुन्या कागदाचं मोल किनवटमध्ये कोणाला समजवावं लागत नाही. हा तालुका 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि 1956 ला राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात. जुनं दप्तर उर्दूत. अनुसूचित जमातींची यादी निघाली सप्टेंबर 1950 मध्ये, म्हणून पडताळणीत त्याआधीच्या कागदाला सगळ्यात जास्त वजन. आंध, गोंड, कोलाम घरातल्या पोरीला मेडिकलची सीट मिळेल की नाही, हे तिच्या पणजोबांचं नाव एखाद्या मास्तरने शाळेच्या रजिस्टरात लिहिलं होतं का यावर अडू शकतं. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी मराठवाडाभर कुणबी नोंदी शोधायला दप्तरं उघडली, उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. ती नोंद करणाऱ्या कारकुनाला किंवा मास्तराला हे कुठून माहीत असणार? त्याच्यासाठी ती त्या दिवसाची एक ओळ होती.

ती ओळ मात्र टिकली. तिच्यासोबत आलेला अर्ज, चिठ्ठी, पावती बहुतेक गेलं असेल. पप्पांच्या भाषेत सांगायचं तर कागद जाऊ शकतो, आवक-जावक नोंदवही जाऊ नये. मला हा फरक कामाचा वाटला. रिपोर्टचं पोट, म्हणजे मेमरीचा तुकडा, लवकर पुसा. सात दिवससुद्धा जास्तच आहेत. पण अमुक तारखेला, अमुक आवृत्ती, अमुक ओळीवर पडली, एवढी एक ओळ कोणाचंही गुपित फोडत नाही आणि दोन-तीनशे बाइट्समध्ये मावते. ती पोचेपर्यंत राहू द्या, सहा महिने लागले तरी. आणि पोचल्यावर तिची मुदत कोणीतरी ती बघितल्यापासून मोजा.

नाही तरी यात एक अडचण उरतेच. 'बघितलं' कशाला म्हणायचं? मीही त्या दुपारी दादाची फाइल उघडून बंद केली होती.

पुण्याला परत आल्यावर मी हा बदल लिहिला. पन्नास ओळीही नाहीत. निघताना दादाला सांगून आले होते की आता प्रोग्राम पडला की भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेला फुली मार आणि शेजारी वेळ लिही. मशीनवर विसंबू नकोस.

रिव्ह्यू करणाऱ्या सहकाऱ्याने कोडमध्ये चूक काढली नाही. त्याने एवढंच विचारलं: असे युजर किती आहेत, काही डेटा आहे का?

रास्त प्रश्न आहे. मीही तोच विचारला असता. मी लिहिलं की डेटा नाही, कारण तो आपणच आठव्या दिवशी पुसतो. मग ते जरा आगाऊ वाटलं, म्हणून दादाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो खाली जोडला. हे आपलं सॉफ्टवेअर नाही, हेही लिहिलं. नोव्हेंबरचं पान, पाच फुल्या, एकीच्या शेजारी बॉलपेनने: 'दु. 3.40, पोरगी उद्या येतो म्हणाली.'

बदल अजून मर्ज झालेला नाही.