शेवटचा शब्द कोणाचा?

ज्याच्या हाती निर्णय असतो, त्याने तो कसा द्यावा? आणि ज्याला तो पटत नाही, त्याने कसे वागावे? हा प्रश्न घरात, शाळेत, मंडळाच्या बैठकीत उभा राहतो. एका खेळात तो फार स्पष्ट दिसतो.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका पाहिलेल्या तरुणांना तो ठाऊक असेल. टेबलाभोवती मित्र बसतात. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार. एकजण सूत्रधार, म्हणजे गेम मास्टर. गोष्ट तो सांगतो, राक्षसांच्या बाजूने तोच खेळतो आणि नियमाचा वाद झाला तर निवाडाही तोच करतो. एकच गोष्ट कित्येक महिने चालते. त्यामुळे आपल्या पात्रावर खेळाडूचा जीव जडतो.

आता समजा, अरुंद भुयारात जादूगाराने शत्रूवर आगीचा गोळा टाकला. १९७८ सालच्या नियमपुस्तकानुसार ही आग जागेचा आकार घेते. भुयारात ती लांबवर पसरून आपल्याच सोबत्यांना भाजू शकते. २०१४ सालच्या पुस्तकात मात्र ती २० फूट त्रिज्येपलीकडे जात नाही. खेळ २०१४ च्या पुस्तकावर चालला आहे, पण सूत्रधार जुन्या पुस्तकावर वाढलेला. तो म्हणतो, “भुयारात आग जाणार कुठे? मागे येणारच!” खेळाडू म्हणतो, “अरे, पुस्तकात तसं नाही!” मागे उभा असलेला सोबती आधीच जखमी आहे. वर्षभर जपलेले पात्र आता मरणार की वाचणार?

सूत्रधाराचे म्हणणे अगदीच चूक नाही. प्रत्येक प्रसंग पुस्तकात मावत नाही, म्हणून या खेळाची मार्गदर्शक पुस्तकेच शेवटचा शब्द सूत्रधाराला देतात. कोणीतरी ठरवले नाही, तर सगळी संध्याकाळ भांडणात जाईल. पण खेळाडूचेही खरे आहे. सर्वांनी एक पुस्तक मान्य केले, त्यावर विसंबून त्याने गोळा टाकला. टाकल्यानंतर नियम बदलणे हा विश्वासाला धक्का आहे.

क्रिकेटमधला पंच स्वतः खेळत नाही. इथे निवाडा करणाराच समोरच्या बाजूनेही खेळतो. म्हणून त्याची जबाबदारी अधिक मोठी. त्याचा अधिकार पुस्तकाने लिहून दिला असला, तरी तो टिकतो मित्रांच्या विश्वासावर. ते उठून गेले, की सूत्रधार कोणाचा सूत्रधार?

म्हणून मला वाटते, त्या संध्याकाळी आग २० फुटांवरच थांबावी. सूत्रधाराला जुना नियम आवडत असेल, तर पुढच्या खेळाआधी त्याने तो सर्वांना सांगावा आणि त्याच्या राक्षसांच्या जादूगारालाही तोच नियम लावावा. ठरवण्याआधी त्याने ऐकून घ्यावे. पुस्तकात शोधायला वेळ लागत असेल, तर तात्पुरता निर्णय द्यावा, खेळ पुढे न्यावा आणि नंतर शांतपणे पुस्तक उघडावे. चूक निघाली तर सर्वांसमोर मान्य करावी. त्याने मान कमी होत नाही.

खेळाडूचेही कर्तव्य आहे. आपले म्हणणे एकदा स्पष्ट मांडावे; निर्णय झाला की खेळू लागावे. उरलेले बोलणे खेळ संपल्यावर. सतत नियमावर बोट ठेवणाऱ्याला हे खेळाडू ‘नियमांचा वकील’ म्हणून चिडवतात. पण नियम दाखवणारा प्रत्येकजण वकील नसतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: जो नियम आपल्या विरुद्ध जातो, तोही आपण तितक्याच तत्परतेने दाखवतो का? दाखवत असू, तर आपल्याला न्याय हवा आहे. नसू, तर फक्त जिंकायचे आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या हाती कुठे ना कुठे शेवटचा शब्द असतो. आईवडील म्हणून, शिक्षक म्हणून, मंडळाचे अध्यक्ष म्हणून. तो उच्चारण्याआधी समोरच्याचे बोलणे पूर्ण झाले का, एवढे तरी आपण पाहू या.