गॅप

आत्याच्या गुडघ्यांचा एक्स-रे घेऊन आम्ही डॉक्टरांसमोर बसलो होतो. त्यांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, दोन हाडांच्या मधल्या काळ्या पट्टीवर पेनाचं टोक ठेवलं आणि म्हणाले, ‘‘गॅप कमी झालीय.’’ त्यानंतर ते पाच-सात मिनिटं बरंच काही बोलले. पण रिक्षात बसेपर्यंत आत्याच्या डोक्यात तेवढे तीनच शब्द उरले होते. संध्याकाळी फोनवरून बातमी सगळ्या गोतावळ्यात पोचली. गॅप कमी झाली, वंगण संपलं, वाट्या झिजल्या. दुसऱ्या दिवसापासून आत्याने सकाळचं फिरणं बंद केलं. ‘‘जेवढे उरलेत तेवढे जपून नकोत का वापरायला?’’ असं ती म्हणाली.

यात खोट काढणं मला जमेना. चपलेचा तळ झिजतो, सायकलचा टायर झिजतो, पाट्याला पुन्हा टाकी लावावी लागते. सत्तर वर्षं वापरलेला गुडघा मात्र झिजणार नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मग नाद लागल्यासारखा गुडघ्याविषयी वाचत गेलो. आता वाटतं, आत्याचं चुकलं नव्हतं. तिला मिळालेले शब्दच चुकीचे होते.

‘गॅप’पासूनच बघा. एक्स-रेत हाड पांढरं दिसतं, कारण त्यात कॅल्शियम ठासून भरलेलं असतं. मांडीचं हाड वर, नडगीचं हाड खाली आणि मध्ये काळी पट्टी. ती पाहून कुणालाही वाटेल की तिथे मोकळी जागा आहे. प्रत्यक्षात तिथे रेघ ओढायलाही मोकळी जागा नसते. दोन्ही हाडांच्या टोकांवर कूर्चेचं अस्तर असतं, त्यांच्यामध्ये मेनिस्कसच्या दोन गाद्या असतात आणि सगळं एकमेकांना चिकटून असतं. एक्स-रेला यातलं काही दिसत नाही, म्हणून आपण त्याला रिकामं म्हणतो.

कूर्चा मला पुस्तकात नाही, मटणाच्या दुकानात कळली. बोकडाच्या मागच्या पायाचा मधला, उलटा वाकलेला सांधा आपण गुडघा समजतो. तो खरं तर त्याचा घोटा. गुडघा वर, मांडीच्या शेवटी, पोटाला लागून दडलेला असतो. आमच्या नेहमीच्या दुकानदाराला विनंती केली, तेव्हा त्याने सत्तूर बाजूला ठेवून सुरी घेतली, सांध्याभोवती फिरवली आणि पाय उलगडला. आत मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं होती, निळसर पांढरी, नुकत्याच धुतलेल्या चिनी मातीच्या बशीसारखी. बोट ठेवलं तर ते थांबेचना, घसरत राहिलं. बर्फावर बर्फ घासला तरी इतका सहज सरकत नाही, असं वाचलं होतं. ते त्या ओट्यावर पटलं. खालच्या सपाट हाडावर दोन चिवट चंद्रकोरी बसलेल्या होत्या. त्याच मेनिस्कस. त्यांचं काम कळायला डोक्यावर घागर घेणाऱ्या बाईची चुंबळ आठवावी. गोल बूड सपाट जागेवर टेकलं की सगळा भार एका ठिपक्यावर येतो. कडेने गादी दिली की तो पसरतो. पूर्वी ही चुंबळ फाटली की शल्यविशारद ती सरळ काढून टाकत. अशा गुडघ्यांच्या एक्स-रेत पुढे कोणते बदल दिसतात, ते फेअरबँक या ब्रिटिश सर्जनने 1948 मध्ये नोंदवलं. तरी ती शक्यतो वाचवायची हे अंगवळणी पडायला आणखी काही दशकं गेली.

दुसरा शब्द वंगण. निरोगी गुडघ्यात ते असतंच मुळी किती? चहाचा चमचाही भरणार नाही. बिघडलेल्या गुडघ्यात ते पुष्कळदा वाढतं. ज्या घरात एकाचं ‘वंगण संपलेलं’ असतं, त्याच घरात दुसऱ्याच्या गुडघ्यातून सुईने ‘पाणी’ काढलेलं असतं, आणि दोन्ही एकच द्रव आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. बिघाडात त्याचा दाटपणा आणि बुळबुळीतपणा कमी होतो, हे खरं. पण वरून तेल घालावं तसं ते बाटलीतून भरता आलं असतं, तर वर्तमानपत्रांतल्या अर्ध्या जाहिराती कधीच बंद पडल्या असत्या.

आणि बिजागरी. शाळेत आपण गुडघ्याला बिजागरीचा सांधा म्हणून पाठ केलं. खुर्चीत बसून नडगीवर हात ठेवा आणि पाय सावकाश सरळ करा. शेवटच्या पंधरा-वीस अंशांत नडगी थोडी बाहेरच्या बाजूला वळते, स्क्रूचा शेवटचा फेरा बसावा तशी. बिजागरी असं करत नाही. या पिळाने लिगामेंट ताणले जातात, गुडघा कुलूपबंद होतो आणि मांडीच्या स्नायूंना जवळजवळ सुट्टी मिळते. सैलावून उभे राहा आणि बोटांनी गुडघ्याची वाटी हलवून पाहा. ती इकडेतिकडे सरकते. रेशनच्या रांगेत दोन तास उभं राहणं आपल्याला जमतं ते या कुलपामुळे. ते उघडायला गुडघ्यामागच्या लवणीत पॉप्लिटियस नावाचा एक छोटा स्नायू बसवलेला आहे. शाळेच्या प्रार्थनेत मागचा पोरगा आपल्या लवणीत गुडघा मारायचा आणि ‘सावधान’मध्ये उभे असलेले आपण एकदम खाली बसायचो, ते आठवतंय? कुलूप बाहेरून उघडण्याचा तो प्रकार होता.

गुडघ्याची ठेवणही फार जुनी आहे. 1973 मध्ये इथिओपियातल्या हदार इथे मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड जोहान्सन यांना जमिनीवर एका गुडघ्याचे तुकडे सापडले. कवटी नाही, दात नाहीत, फक्त मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं. तरीही हा प्राणी दोन पायांवर चालत होता, असं त्यांना म्हणता आलं, कारण मांडीचं हाड आतल्या बाजूला तिरपं येऊन गुडघ्याला मिळत होतं. चिंपांझीचं ते सरळ उतरतं, म्हणून तो दोन पायांवर चालताना डुलतो. आपले गुडघे तिरपाईमुळे शरीराच्या मध्यरेषेजवळ येतात आणि एका पायावर तोल राहतो. तो गुडघा सुमारे 34 लाख वर्षांपूर्वीचा. पुढच्याच वर्षी त्याच परिसरात ‘ल्यूसी’चा सांगाडा सापडला आणि सगळी प्रसिद्धी ती घेऊन गेली, गुडघा मागे पडला.

या तिरपाईविषयी एक गोष्ट वाचली आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसताच बसलो. ती जन्मतः नसते. तान्ह्या बाळाचं मांडीचं हाड चिंपांझीसारखंच सरळ असतं. मूल उभं राहायला लागतं, पडतं, चालतं, आणि चालण्याच्या भाराने हाड हळूहळू तिरपं वाढतं. जी मुलं आजारामुळे कधीच चालू शकत नाहीत, त्यांच्यात ती तिरपाई नीट येत नाही. म्हणजे गुडघा आधी तयार होतो आणि मग आपण चालतो, असं नाही. चालण्यानेच तो घडतो.

‘झीज’ हा शब्द मला इथे खुपायला लागला. टायर रस्त्याला लागला की कमी होतो. त्याच्याकडे दुसरा मार्ग नाही. कूर्चेचं तसं नाही. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. तिच्यातल्या मूठभर पेशींना अन्न मिळतं ते सांध्यातल्या त्या थोड्याशा द्रवातून, आणि तो आत खेळता राहायला भार लागतो. पाऊल टेकलं की स्पंजासारखं पाणी बाहेर, उचललं की आत. मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडलेल्या माणसांच्या गुडघ्यातली कूर्चा पातळ होत जाते. त्या गुडघ्यांनी काय झिजवलं? काहीच नाही. छंद म्हणून धावणाऱ्यांत गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण बैठ्या माणसांपेक्षा जास्त नाही, कमीच आढळलं आहे.

2017 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी शेकडो वर्षांचे जुने सांगाडे आणि अलीकडचे अमेरिकन सांगाडे यांचे गुडघे तपासले. वय आणि वजन यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हा आजार दुपटीहून अधिक झालेला दिसला. आजारामागे नुसता वापर असता तर दिवसभर राबणारे आपले पूर्वज आधी लंगडले असते. वजन ही नुसत्या ओझ्याची गोष्ट नाही, हेही कळलं आहे. एक किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी उतरतो, हे खरं. पण लठ्ठ माणसांच्या बोटांच्या सांध्यांतही हा आजार जास्त दिसतो, आणि माणूस काही हातांवर चालत नाही.

कूर्चा अमर आहे, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने 1743 मध्येच रॉयल सोसायटीसमोर लिहून ठेवलं होतं की कूर्चा एकदा नष्ट झाली की भरून येत नाही. पावणेतीनशे वर्षांत त्याला पुरतं खोटं पाडता आलेलं नाही. आणि भारतीय बैठकीचे गोडवे गाणाऱ्यांनीही जरा दम धरावा. बीजिंगमधल्या वृद्धांच्या पाहणीत, तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवे बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा संधिवात जास्त दिसला होता. खाली बसणं चांगलं, तासन्‌तास उकिडवं बसून राहणं वेगळं. वारीत सत्तरीचे म्हातारे आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालतात, हा दाखलाही मी देणार नाही. ज्यांचे गुडघे गेले ते वारीला निघतच नाहीत, म्हणून आपल्याला दिसत नाहीत.

आता वाट्या. ऑक्टोबर 2000 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली आणि पुढच्या वर्षी उजव्यावर. त्यानंतर ‘वाट्या बदलणे’ हा शब्द घरोघर झाला. 1974 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल यांच्याबरोबर आधुनिक कृत्रिम गुडघा घडवणाऱ्यांत हेच राणावत होते. गंमत अशी की या शस्त्रक्रियेत जी बहुधा बदलली जात नाही ती वाटीच. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूचं टोपण बसतं, नडगीवर धातूची पट्टी आणि दोहोंच्या मध्ये पॉलिइथिलीनचा तुकडा. वाटीला फार तर मागून प्लॅस्टिकची चकती लावतात, कधी तीही नाही. त्या पॉलिइथिलीनला मात्र आत्याचा हिशेब तंतोतंत लागू आहे. ते खरोखर झिजतं, भरून येत नाही, चालल्याने त्याला काही पोषण मिळत नाही. वेदनेने रात्ररात्र जागणाऱ्या माणसाला हा गुडघा नवा जन्म देतो, त्याविषयी वाद नाही. पण ‘वापरू तेवढा संपेल’ हे वाक्य ज्या गुडघ्याला शोभतं तो हा.

यातलं बरंचसं मी आत्याला ऐकवलं. ती शेंगा सोलत होती. हदारचा गुडघा तिला आवडला, सांगाड्यांचं तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बोकडाचं ऐकल्यावर म्हणाली, ‘‘मला माळकरणीला हे सांगायची गरज होती का रे?’’ मग आम्ही त्याच डॉक्टरांकडे पुन्हा गेलो आणि मी सरळ विचारलं, हिने चालावं की नाही? ते माझ्याकडे चमकून बघायला लागले. पहिल्या भेटीत गॅपनंतर ते जे पाच-सात मिनिटं बोलले होते, ते तेवढंच होतं: रोज चाला, मांडीचे व्यायाम करा, चार किलो कमी करा. आमच्यापैकी कुणीच ते ऐकलं नव्हतं.

आत्या सध्या सकाळी सोसायटीच्या आवारात चार फेऱ्या मारते. पाचवीची बोलणी चालू आहेत.