वरच्या फळीवरची जागा

माझ्या कपाटात दोन टी. रेक्स शेजारी-शेजारी उभे आहेत. एक लहानपणचा: ताठ, शेपटी जमिनीला टेकवलेला. दुसरा अलीकडचा: पाठ आडवी, शेपटी हवेत तोललेली. रविवारी धूळ पुसताना दोघांपाशी हात थांबतोच. मधल्या काळात माणसाला किती कळलं!

डायनासोरच्या छोट्या मूर्ती जमवण्याच्या या छंदाची मुळं जुनी आहेत. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेत १८५४ साली वॉटरहाउस हॉकिन्स यांनी घडवलेले अजस्र प्राचीन प्राणी लोकांसमोर आले; त्यांच्या छोट्या प्रतिकृतीही विकल्या गेल्या. त्यातल्या इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग आहे. पुढे १८७८मध्ये बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत सांगाडे सापडले आणि उमगलं, ते शिंग नव्हेच, तो अंगठ्याचा काटा! बागेतली मूर्ती मात्र अजून तशीच आहे, आणि मला ती फार प्रिय आहे.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला इसिसॉरस या डायनासोरची हाडं मिळाली. त्याची छोटीशी मूर्ती मी कधीपासून शोधतोय. वरच्या फळीवर, खिडकीजवळ, त्याची जागा राखून ठेवली आहे.