अध्याय 15, श्लोक 3 : पिंपळाची मुळं



काल आपण वर मुळं आणि खाली फांद्या असलेल्या झाडाचं वर्णन पाहिलं. आज तिसरा श्लोक. पंधरावा अध्याय आपल्यापैकी अनेकांना अर्थ कळायच्या कितीतरी आधी पाठ झालेला असतो. पानावर बसायचं, वीस श्लोक भराभर म्हणायचे, तोवर वरणभात निवतो. माझंही तसंच झालं. त्यामुळे इथे भगवंत चक्क झाड तोडायला सांगतायत, हे लक्षात यायला मला पस्तिशी गाठावी लागली.

श्लोकाचा भाव साधारण असा. या झाडाचं खरं रूप इथे राहून दिसत नाही. सुरुवात कुठे, शेवट कुठे, ते कशावर उभं आहे, काही कळत नाही. मुळं मात्र घट्ट रुतलेली आहेत. असा हा अश्वत्थ असंगाच्या बळकट शस्त्राने छेदावा आणि मग, चौथ्या श्लोकात, ते पद शोधावं.

गंमत बघा, दहाव्या अध्यायाच्या 26 व्या श्लोकात हेच भगवंत म्हणतात की सगळ्या झाडांत मी अश्वत्थ. आणि आपल्याकडे पिंपळ तोडणं म्हणजे पाप. इथला अश्वत्थ म्हणजे संसार, उद्यापर्यंत टिकेल याची खात्री नसलेला, अशी त्या शब्दाची फोड आचार्यांनी केली आहे. ते बुद्धीला पटतं. माझी अडचण 'असंग' या शब्दापाशी होती. असंग म्हणजे कोरडेपणा, कशातच जीव न गुंतवणं, असं मी धरून चाललो होतो. आणि खरं सांगायचं तर असा माणूस मला व्हायचं नव्हतं.

आता घरातली गोष्ट सांगतो. थोडी खाजगी आहे, पण तिच्याशिवाय मला हा श्लोक सांगता येणार नाही.

आमच्या कोकणातल्या घरी विहिरीच्या जांभ्या दगडांच्या फटीत पिंपळाचं रोप उगवलं होतं. पाखरांच्या विष्ठेतून बी पडतं आणि पिंपळ भिंतीतही रुजतो, हे तुम्ही पाहिलं असेल. वाढला असता तर कठडा फुटला असता. बाबांनी ते रोप अलगद सोडवलं आणि पसरट कुंडीत लावलं. ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बोनसाय हा शब्द ते क्वचितच वापरत, 'कुंडीतला' म्हणत. पिंपळ घरात ठेवू नये यावर आईचं टुमणं असायचं. त्यावर बाबा म्हणत, "घरात कुठाय, अंगणात तर आहे."

गेल्या कार्तिकात बाबा गेले. मार्गशीर्षात मी आईला पुण्याला आणलं आणि तिच्याबरोबर कुंडीतलाही आणला. आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. मी झाड हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला ठेवलं. लाकूड खराब होऊ नये म्हणून खाली ताटली. ऑफिसमधून आलो की बूट काढायच्या आधी त्याला पाणी घालायचो. त्या दोन मिनिटांत बाबांशी बोलल्यासारखं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

फाल्गुनात पानं पिवळी पडून गळायला लागली. मी घाबरलो. सकाळीही पाणी सुरू केलं. आता कळतं की पिंपळ त्या दिवसांत पानं टाकतोच. रस्त्याकडेचे मोठे पिंपळही तेव्हा उघडे होतात आणि चैत्रात तांबूस पालवीने भरून जातात. पण मला ती पानगळ म्हणजे तहान वाटली. इथे इंजिनियरचं डोकं चालायला हवं होतं, कारण हा सरळसरळ चुकीचा फीडबॅक लूप होता. कुंडीतली माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून झाड तहानलेलं दिसतं, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. वर ताटलीत पाणी साचलेलंच.

चैत्र उजाडला. बाहेरचे पिंपळ लालसर झाले, आमच्याकडे नुसत्या काड्या. आईने नखाने खोडाची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं. मग उदबत्तीची काडी मातीत खुपसून बाहेर काढली आणि माझ्या नाकाशी धरली. कुजका वास.

"मुळं कापायला लागतील," आई म्हणाली.

मी नाही म्हणालो. बाबांच्या हातचं आहे, मी कात्री लावणार नाही, दुसरा काही उपाय असेल तो बघू. आई जराशी चिडलीच. "ह्यांनी दर दोन वर्षांनी मृगाच्या आधी कापलीत ती. तुला काय वाटलं, वीस वर्षं ते आपोआप एवढंसं राहिलं?"

मला खरंच तसंच वाटलं होतं.

रविवारी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं. झाड कुंडीतून काढलं, पाण्याने मुळं धुतली. बाहेरचा सगळा थर काळा, बोटांत धरला तर साल हातात यायची. आत पांढरट, टणक मुळं थोडी शिल्लक होती. सिकेटर स्पिरिटने पुसून काळं सगळं छाटत गेलो, तसा ताज्या कापांतून पांढरा चीक यायला लागला. एका जाड मुळापाशी थांबलो. तिथे जुना काप होता, भरून आलेला, गाठीसारखा. शेजारी आणखी एक. बाबांच्या कात्रीच्या खुणा. मी ज्या झाडात बाबांना जपून ठेवू पाहत होतो, त्याच्या मुळांवर बाबांनी स्वतः इतक्या वेळा शस्त्र चालवलं होतं, आणि म्हणूनच ते झाड होतं. त्या क्षणी हा श्लोक आठवला. वर्तमानपत्रावर बसून थोडा रडलो, तेही सांगून टाकतो.

कारण तेव्हा स्पष्ट दिसलं की ते रोजचं पाणी झाडाला लागतच नव्हतं. ते मला लागत होतं. संग म्हणतात तो हाच असावा. मी प्रेमाच्या नावाखाली स्वतःची गरज त्याच्या मुळांशी ओतत होतो. बाबांचं प्रेम कमी होतं का? ते तर सकाळी उठून आधी त्याच्याकडे जायचे. पण मातीत बोट घालून बघायचे, ओल असेल तर हात पुसून परत यायचे. त्या दिवशी पाणी नाही. असंगाचा याहून सोपा अर्थ मला अजून कुठे सापडलेला नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टनला राष्ट्रीय वृक्षोद्यानाच्या बोनसाय संग्रहालयात पाइनचं एक झाड आहे. 1625 पासून कुंडीत वाढवलेलं, हिरोशिमाच्या यामाकी घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं. 6 ऑगस्ट 1945 ला अणुबॉम्ब पडला तेव्हा ते बॉम्बच्या जागेपासून साधारण तीन किलोमीटरवर होतं आणि एका भिंतीच्या आडोशाने वाचलं. 1976 मध्ये मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिलं. ज्या देशाने बॉम्ब टाकला त्याच देशाला! ते हिरोशिमातून वाचलेलं आहे ही हकीगत संग्रहालयाला कळली 2001 मध्ये, यामाकींचे नातू झाड बघायला आले तेव्हा. देणारा काय मनात ठेवून देत होता हे मी कोण सांगणार? पण मला वाचताना राहून राहून वाटतं, इतकं जपायचं आणि इतकं सहज हातावेगळं करायचं, हे एकाच माणसात असू शकतं.

छाटल्यावर विटांचे चाळलेले बारीक तुकडे, जाड वाळू आणि थोडं शेणखत अशा मिश्रणात झाड परत लावलं. ताटली काढून टाकली. पंधरा दिवस बाल्कनीत सावलीला, मग सकाळच्या उन्हात. खत महिनाभर नाही. "आता हॉलमध्ये नको आणूस," आई म्हणाली, "त्याला ऊनवारा लागतो. आत बसून ते नुसतं तुझ्याकडे बघत राहणार."

हे वाक्य मी दोन दिवस झाडाबद्दलचंच समजत होतो.

शिमग्याला गावी जायचं म्हणून तिने फाल्गुनात दोनदा विचारलं होतं. मी नाही म्हटलं होतं. तिथे एकटी, बीपी, डॉक्टर लांब. इथे तिचं बीपी मी एक्सेलमध्ये लिहून ठेवत होतो, एकटीला लिफ्टने खाली जाऊ देत नव्हतो. ती कमी जेवायला लागली तसा मी आणखी लक्ष द्यायला लागलो. लूप तोच. कुजका वास यायची वाट बघत होतो की काय, कोण जाणे.

ज्येष्ठात स्वारगेटवरून तिला एसटीत बसवलं. शेजारच्या चुलतभावाला गोळ्यांची यादी दिली, तालुक्याच्या डॉक्टरांशी बोललो, रोज रात्री फोन करायचं ठरलं. काळजी गेली असं मुळीच नाही. गाडी हलली तेव्हा तिला परत उतरवावं असं वाटलं होतं, ते वाटणं अजूनही रोज एकदा येतं.

काल रात्री फोनवर सांगितलं की कुंडीतल्याला पाच पानं आलीत, तांबूस, अंगठ्याच्या नखाएवढी. "बरं झालं," म्हणाली, आणि चुलत्यांच्या तरव्याला पाऊस पुरलाय का ते बघायला जायचंय म्हणून फोन ठेवून दिला.

उद्या चौथा श्लोक.

जय हरि.