स्थिर धातूतली लुकलुक

निवांत बसा. तांबं आणि सोनं एकत्र वितळवून केलेला एक छोटा तुकडा मनात आणा: तीन अणू तांब्याचे तर एक सोन्याचा. वजनात मात्र सोनं निम्म्याहून थोडं जास्तच भरतं.

तुकडा मनातच तापवा. सुमारे 390 अंश सेल्सियसच्या वर कोणताही अणू जाळीत कुठेही बसतो. आता सावकाश निववा. सोनं जाळीतल्या घनांचे कोपरे धरू लागतं, तांबं पृष्ठांच्या मध्यावर जातं. पण कोपरे म्हणायचे कुठले? सोन्यासाठी चार प्रकारच्या जागा सारख्याच सोयीच्या. इकडच्या अणूंनी एक निवडली, पलीकडच्यांनी दुसरी. शिस्त दोन्हीकडे आहे, पण एकीची दुसरीशी जुळत नाही. अशा दोन प्रदेशांमधल्या सीमेपाशी थोडं थांबा. ती हळूहळू सरकते आहे. मोठे प्रदेश लहानांना गिळत आहेत.

नेहमीचे क्ष-किरण इथून विखुरले, की एक पसरट, गुळगुळीत डाग मिळतो. त्यातून प्रदेशांचा सरासरी आकार कळतो, बस्स. 1991 साली मार्क सटन आणि सहकाऱ्यांनी याच मिश्रधातूवर सिंक्रोट्रॉन या यंत्राचा क्ष-किरण झोत केसाहून बारीक छिद्रातून गाळून सोडला. बहुतेक झोत वाया गेला, पण जो उरला त्यातल्या लाटांची पावलं जुळलेली होती. अशा सुसंगत किरणांनी तोच डाग ठिपक्याठिपक्यांचा झाला. लेझरचा ठिपका भिंतीवर टाकून जवळून बघा, तसाच दाणेदार. प्रत्येक ठिपक्यात त्याच तुकड्यातली, त्या घडीची मांडणी उतरलेली असते. मांडणी हलली की ठिपके बदलतात.

मला अधिक रेंगाळायला लावतो तो 2009 सालचा ग्रेनोबलमधला प्रयोग. तांब्यात शंभरातले दहा अणू सोन्याचे. तापमान पक्कं धरलेलं, कसलंही स्थित्यंतर चाललेलं नाही. श्वास सोडा आणि नुसतं बघा: सरासरी तीच राहते, तरी ठिपके विझतात, दुसरीकडे उजळतात. शेजारची जागा रिकामी झाली की एखादा अणू तिच्यात उडी घेतो. फोटॉन इतके तुरळक, की ही लुकलुक डोळ्यांनी दिसत नव्हती. नोंदींची एकमेकींशी तुलना करून हिशेबाने काढावी लागली. एवढ्या चिकाटीने पाहिल्याशिवाय धातूला ‘स्वस्थ’ म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं मला वाटतं.

तापमान उतरलं की उड्या झपाट्याने मंदावतात. म्हणूनच तांबं मिसळलेलं अठरा कॅरेटचं गुलाबी सोनं तापवून पाण्यात विझवलं, की अणूंना शिस्तीत बसायला सवड मिळत नाही आणि धातू घडवण्याजोगा मऊ राहतो. सावकाश निवू दिला, तर तोच कडक होतो.