यादीत नसलेली तक्रार

टोमॅटोचा हंगाम ऐन भरात असला तरी पिंपळगाव बसवंतच्या आमच्या थोरल्या काकूच्या हातात वही कधी दिसली नाही. आज किती कॅरेट मार्केटला गेले, लिलावात काय भाव निघाला, पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळीत कुणाचे किती रोज भरले, कुणी किती उचल घेतली, सगळं तोंडपाठ. काका बाजार समितीतून पट्टी घेऊन यायचे, तर त्यांनी चष्मा शोधेपर्यंत काकूनं आकडा सांगितलेला असायचा.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमोच्या सहा सायकली झाल्या, केस परत आले. गावाच्या लेखी काकू बरी झाली. त्यानंतर द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीत ती ओट्यावर बसून बायकांचे रोज वाटत होती. नोटा मोजता मोजता थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. तिसऱ्यांदा चुकल्यावर तिनं गड्डी माझ्या हातात दिली. म्हणाली, "तूच दे रे. माझ्या डोक्यात धुई पडलीये."

धुई म्हणजे काय, हे द्राक्षवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. थंडीच्या पहाटे बागेवर धुई उतरते तेव्हा वेल जागेवर असतो, घड जागेवर असतात, फक्त चार हातांवरची ओळ दिसेनाशी होते. आणि नुकसान काय झालं ते ऊन वर आल्यावरच कळतं.

पुढच्या तपासणीला तिनं डॉक्टरांना हे सांगितलं. रिपोर्ट चांगले होते. "वय आहे, टेन्शन आहे, होतं असं," एवढ्यावर विषय मिटला. त्यांना दोष कशाला देऊ? घरी मीही तिला हेच म्हणालो होतो. तिच्या त्या एका वाक्याचा माग काढायला लागलो तेव्हा कळलं की आम्ही दोघं वैद्यकशास्त्राच्याच जुन्या वाटेनं चाललो होतो.

ऑपरेशननंतर केमो देण्याची पद्धत १९७६ नंतर रुळली. इटलीतल्या मिलानच्या जानी बोनाडोना यांनी त्या वर्षी निष्कर्ष प्रसिद्ध केले. काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेल्या बायकांमध्ये नुसतं ऑपरेशन झालेल्यांपैकी २४ टक्क्यांचा आजार सत्तावीस महिन्यांत उलटला होता. सोबत तीन औषधांची केमो घेतलेल्यांत हेच प्रमाण ५.३ टक्के होतं. एवढा फरक दिसल्यावर "मला शब्द आठवत नाही" ही तक्रार कोण मनावर घेणार? जीव वाचला, बाकीचं चालायचंच.

तरी १९८० साली अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिल्बरफार्ब यांनी केमो घेणाऱ्यांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता तपासून पाहिली. ज्याला आपण उदासी म्हणतो आहोत, त्यातलं काही औषधामुळे मंदावलेल्या बुद्धीचं असू शकतं, असं त्यांचं सांगणं होतं. त्यानंतर दीडेक दशक हा प्रश्न जवळजवळ पडून राहिला. वाचणाऱ्या बायका वाढल्या, त्या एकमेकींशी बोलू लागल्या, आणि "केमो ब्रेन" हा शब्द त्यांच्या बोलण्यातून रुळला.

मग मोजमाप सुरू झालं. १९९८ साली नेदरलँड्समध्ये, उपचार संपून सुमारे दोन वर्षं झालेल्या बायकांच्या चाचण्या घेतल्या. मोठ्या डोसची केमो झालेल्यांपैकी ३२ टक्के, नेहमीच्या डोसवाल्यांपैकी १७ टक्के आणि केमो न झालेल्यांपैकी ९ टक्के बायकांत बौद्धिक घट दिसली. डोस वाढला तशी घट वाढली. प्रकरण सरळ वाटलं.

ते सरळ नव्हतं. २००४ साली अमेरिकेत जेफ्री वेफेल आणि सहकाऱ्यांनी केमोच्या आधीच चाचण्या घेतल्या, तर सुमारे एक तृतीयांश बायका तेव्हाच कमी पडत होत्या. म्हणजे एकटी केमो दोषी नव्हती. कॅन्सरनं शरीरात पेटवलेला दाह, उडालेली झोप, भीती, रक्त कमी होणं, चाळिशीतच अचानक बंद होणारी पाळी, पुढे वर्षानुवर्षं चालणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या, असे कितीतरी धागे त्यात गुंतलेले निघाले. मेंदूभोवतीच्या नैसर्गिक कुंपणातून केमोची बरीच औषधं फारशी आत शिरत नाहीत, तरी दाह वाढवणारी रसायनं मेंदूपर्यंत परिणाम पोचवतात. काही औषधं मेंदूतल्या नव्या पेशी घडवणाऱ्या पेशींनाच मारक ठरतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. त्यामुळे शास्त्रज्ञ आता "कॅन्सरशी निगडित बौद्धिक घट" असं लांबलचक नाव वापरतात. बायकांच्या तोंडी मात्र जुनंच नाव राहिलं.

एक कोडं तरीही सुटत नव्हतं. तक्रार करणाऱ्या कित्येक बायका चाचणीत पास होत होत्या. म्हणून त्यांच्यावर विश्वास बसत नव्हता. २००७ साली अमेरिकेतल्या जुळ्या बहिणींवरचा एक अभ्यास आला. रक्त एक, रूप एक. एकीला स्तनाचा कॅन्सर होऊन केमो झालेली, दुसरी निरोगी. चाचण्यांतले गुण जवळपास सारखे आले. मग दोघींना मेंदूच्या स्कॅनिंगमध्ये तेच काम दिलं, तेव्हा केमो झालेल्या बहिणीच्या मेंदूचा अधिक मोठा भाग त्यासाठी राबताना दिसला. उत्तर तेच, पण त्यासाठी माणसं दुप्पट लावल्यासारखं. एका जोडीवरून नियम बांधता येत नाही. पण हे वाचताना मला काकूचं संध्याकाळी सहालाच भिंतीला टेकून डोळे मिटणं आठवलं. हिशोब ती अजूनही पुष्कळदा बरोबर करते. त्याची मजुरी किती पडते, हे चाचणी विचारत नाही.

शिवाय चाचणी होते शांत खोलीत, एका वेळी एक प्रश्न. काकूचं काम चालतं ते कुकरची शिट्टी, दारात उभा टेम्पो, फोनवर व्यापारी आणि उचल मागणारी बाई, हे सगळं एकदम झेलत. आपल्याकडे या कामाला डोकं लागतं असंच कुणी धरत नाही. बाईनं केलेला हिशोब म्हणजे घरकाम. जी बुद्धी असताना कुणाच्या मोजणीत नव्हती, ती गेल्यावर कुणाच्या लक्षात येणार? भारतात बायकांना स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो, म्हणजे घर आणि शेत दोन्ही अंगावर असतानाच.

जे मोजलं नाही ते दिसत नाही, याचा आमच्या भागाला एक जुना धडा आहे. २०१० साली नाशिकची द्राक्षं युरोपात अडली. वेलीची फाजील वाढ रोखायला वापरलेल्या सीसीसीचा, म्हणजे क्लोरमेक्वॅट क्लोराईडचा अंश मण्यांत सापडला होता. माल इथून तपासूनच गेला होता, पण तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हतं. यादीत नाही म्हणून तपासलं नाही, तपासलं नाही म्हणून सापडलं नाही, सापडलं नाही म्हणून नाही. त्यानंतर पिंपळगावच्या कुठल्या शेतकऱ्यानं फवारणी बंद केली? औषधाशिवाय बाग उभी राहत नाही. पण रेसिड्यू, काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे शब्द बांधाबांधावर पोचले.

केमोचंही तसंच व्हायला हवं. ती टाळायची नाहीच; काकू आज समोर बसली आहे ती तिच्यामुळे. आपण मोजायलाही शिकलो आहोत. बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. २०२२ साली भारतात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते, हा अंदाजही आपल्याकडे आहे. रुग्ण मोजले, मृत्यू मोजले. वाचलेल्या बाईच्या हातून काय निसटलं, तो रकाना अजून भरायचा आहे.

तो भरताना जपावंही लागेल. "केमोनं डोकं जातं" असं आधीच मनात भरवलं तर विसरण्याच्या तक्रारी वाढतात, हेही नेदरलँड्समध्येच दिसलं आहे. आणि दिलासा देण्यासारखंही पुष्कळ आहे. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत केमो संपताच ४५ टक्के बायकांनी डोकं मंदावल्याचं सांगितलं. सहा महिन्यांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं होतं. बऱ्याच जणींचं हळूहळू सुधारतं, काहींचं वर्षानुवर्षं रेंगाळतं. रोजचं चालणं, झोप, रक्त आणि थायरॉईडची तपासणी, एका वेळी एकच काम, लिहून ठेवण्याची सवय, यांचा आधार होतो.

काकूनं वही घेतली. तिला ती हार वाटली. पहिले पंधरा दिवस ती पदराखाली लपवायची. परवा नाशिकला तपासणीला निघण्याआधी आम्ही दोघं तिची फाईल लावत बसलो. रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, बिलं, सगळं तारखेवार. मी वहीतलं एक पान फाडलं आणि तिला म्हणालो, "काकू, तू सांग, मी लिहितो." तिनं अकरा गोष्टी सांगितल्या. मी मध्ये एकदाही "होतं असं" म्हणालो नाही. ते पान फाईलमध्ये सगळ्यात वर लावलं. पहिली ओळ आहे: रोज वाटताना नोटा तीनदा मोजाव्या लागतात.